होकाकाकांची खुंटी

मुलाच्या लग्नपत्रिकेवर अक्षांश-रेखांश छापणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वर गणपती, खाली कुलदेवता, त्याखाली घरातल्या मोठ्यांची नावं, सगळं रीतसर. आणि हॉलच्या पत्त्याच्या जागी नुसते आकडे. "पत्ता शोधताना लोक चुकतात गं वंदना. आकडा चुकत नाही," पत्रिका हातात देताना ते मला म्हणाले होते. छापखान्यात नेमका आकडाच चुकला. त्यामुळे पत्रिकेप्रमाणे ते लग्न मुलुंडच्या हॉलमध्ये नसून ठाण्याच्या खाडीत, खारफुटीच्या मधोमध होतं. नवरीचे मामा मोबाईल सांगेल तशी गाडी हाकत ऐरोलीच्या पुलावर पोचले आणि तिथून त्यांनी फोन केला, "अहो परब, पुढे होडीची सोय आहे का?" आता मामाशिवाय नवरी मांडवात येणार कशी? भटजी घड्याळ बघतायत, काकू घामाघूम, आणि हे नवरदेवाचे वडील दारात उभे राहून शांतपणे होकायंत्राकडे बघतायत.

नाव श्रीधर परब. आमच्या सोसायटीतली पोरं त्यांना होकायंत्रवाले काका म्हणायची, त्याचं झालं होकाकाका. म्हातारेकोतारेसुद्धा तेच म्हणायला लागले. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः मुलुंडच्याच एका कारखान्यात नकाशे काढण्याच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटीचा ट्रेकिंगचा ग्रुप काढला. गळ्यात कायम तीन दोऱ्या: एक चष्म्याची, एक शिट्टीची, एक होकायंत्राची. लग्नातल्या फोटोत शेरवानीवरसुद्धा तिन्ही आहेत. काकूंनी त्या दिवशी निदान शिट्टी तरी काढा म्हणून हात जोडले होते, तर म्हणाले, "आणि गर्दीत तू हरवलीस तर?"

एवढं सगळं गळ्यात घालून फिरणाऱ्या या माणसाला दिशेचं ज्ञान मात्र शून्य होतं. शून्य म्हणजे अगदीच शून्य. एकदा मी साकीनाक्याहून ऑफिस सुटल्यावर मेट्रोने घाटकोपरला उतरले, तर हे पुलावर एका खांबाला टेकून उभे.

"काय काका, कोणाची वाट बघताय?"

"नाही गं. हरवलोय."

"अहो मग विचारा ना कोणाला!"

"विचारलं. तिघांनी तीन दिशा दाखवल्या. सुई बघावी तर या लोखंडात तीही वेडी झालीय. म्हणून थांबलो. हरवल्यावर जागचं हलायचं नाही."

"कधीपासून थांबलाय?"

"दोन वडापाव झाले," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. त्यांना हाताला धरून मुलुंडपर्यंत आणलं आणि वाटेत चांगलं फैलावर घेतलं. घरापासून पाच स्टेशनांवर हरवणारा माणूस लोकांना सह्याद्री काय दाखवणार? त्यांना राग आला नाही. त्यांना राग यायचाच नाही, हा त्यांचा मोठाच वैताग होता. म्हणाले, "माझ्या डोक्यात दिशा नाहीत गं. म्हणून तर गळ्यात घालून फिरतो. ज्यांच्या डोक्यात असतात ना, तेच दरीत सापडतात." त्या रात्री मला धड जेवण गेलं नाही. कारण माझी एकुलती एक मुलगी, ऋता, महिन्यातले दोन रविवार याच माणसाच्या मागून डोंगर चढत होती. नवरा दुबईला नोकरीत. म्हणजे काही झालं की जबाब द्यायला मी एकटी.

मला स्वतःला डोंगर अजिबात आवडत नाहीत. उन्हातान्हात वर जायचं, चटणी-भाकरी खायची आणि परत खाली यायचं, यात काय मिळतं हे मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही. पण ऋताला वेड होतं, आणि काकांच्या ग्रुपमध्ये जायचं तर त्यांचं शास्त्र शिकावं लागायचं. तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी. ऐकणाऱ्याने असेल तिथून उठायचं. हा नियम त्यांच्या इतका अंगात भिनला होता की घरी कुकरची तिसरी शिट्टी झाली की हे खुर्चीतून ताडकन उभे. काकू बिचाऱ्या एकतर दोन शिट्ट्यांवर गॅस बंद करायच्या नाहीतर पाचवर. परबांकडे भात एकतर कचकचीत नाहीतर गिचका, मधला प्रकारच नाही.

आरशाचं प्रकरण तर पोलिसांपर्यंत जायचं राहिलं. दूरवर खूण करायला आरशाचा कवडसा कसा पाडायचा, हे ते पोरांना गच्चीवर शिकवत होते. नॅशनल पार्कच्या डोंगरावर नेम धरा म्हणाले. नेम कसला, तो समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, तिथल्या नव्या सुनेच्या तोंडावर. तिचे सासरे तावातावाने आमच्या गेटवर. काकांनी त्यांना गच्चीवर नेलं, आरसा हातात दिला, आणि अर्ध्या तासाने ते सासरेच ग्रुपमध्ये नाव घालून गेले. असा हा माणूस होता, भांडायला गेलं की सभासद करून पाठवायचा.

या सगळ्यात त्यांचं एक स्वप्न होतं. बीकन. हातात मावेल एवढं नारिंगी यंत्र. संकटात बटण दाबलं की संदेश थेट उपग्रहावर आणि तिथून बचाव करणाऱ्यांकडे. मोबाईलची रेंज नको, काही नको. त्यांच्या कॅनडातल्या मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, तुमच्यासाठी बीकन घेतोय." काका आठवडाभर हवेत होते. मग त्यांनी चौकशी केली आणि कळलं की उपग्रहाशी बोलणारी असली यंत्रं आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. झालं! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बॅगेत कपड्यांखाली घाल, कोण बघतंय. काकांनी स्वतः फोन करून मुलाला सांगितलं, आणू नकोस. आणि मग फार बारीक आवाजात म्हणाले, "माहितीपुस्तिका तरी आण."

ती पुस्तिका आली. तिला खाकी कव्हर घालून ते ती पोथीसारखी वाचायचे. एका संध्याकाळी ती घेऊनच आमच्याकडे आले.

"वंदना, मी उगाच यंत्रामागे लागलो होतो. यात काय लिहिलंय बघ. बटण दाबलं की यंत्र फक्त ओरडतं. ते ओरडणं ऐकून कोणाला कळवायचं, त्या घरच्या माणसाचं नाव आधी नोंदवावं लागतं. म्हणजे खरं काम ऐकणाऱ्याचं. यंत्र नसलं तर नसलं, ऐकणारा माणूस आपल्याकडे आहे."

"कोण?"

"तू. तू डोंगरावर येत नाहीस, फोन पहिल्या रिंगला उचलतेस आणि भांडायला घाबरत नाहीस. आजपासून तू आमची खुंटी."

"खुंटी? काका, दुसरं काही नाव सुचलं नाही का?"

"अगं गाय चरायला सोडली तरी दाव्याचं एक टोक कुठेतरी बांधलेलं असतं ना? गाईला ते आठवतसुद्धा नाही. पण असतं."

एकाच वाक्यात मला खुंटी आणि माझ्या पोरीला गाय करून, वर चहा पिऊन गेले.

नियम सोपा होता. उतरल्यावर त्यांनी फोन करायचा. दिवेलागणीपर्यंत फोन आला नाही तर मी पायथ्याच्या गावात फोन करायचा. तिथेही कोणी पोचलेलं नसेल तर बचाव पथकाला. आणि ट्रेकच्या आदल्या दिवशी त्यांचा आवाजी निरोप मोबाईलवर यायचा, तो मी पूर्ण ऐकायचा. "मी, श्रीधर परब, राहणार मुलुंड, पूर्ण शुद्धीवर असताना कळवतो की..." मला दरवेळी वाटायचं, आता माझ्या नावावर घर करतायत. पुढे मग कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, कोणाला दमा आहे, कोणाचा शर्ट कुठल्या रंगाचा, वाट चुकली तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपाशी परत येऊन कसे बसून राहणार. रंगाबाबत तर फार काटेकोर. "ऋता पिवळ्यात आहे. पिवळा म्हणजे हळदीचा. लिंबाचा नाही." शेवटी, "खुंटीने पोच द्यावी." मी भाजी निवडत ऐकायचे आणि वैतागून अंगठा पाठवायचे. "अंगठा चालणार नाही," लगेच उत्तर. "म्हणून दाखव." मग पाढे म्हणावेत तसं मी ते सगळं म्हणून दाखवायचे.

पहिल्याच वर्षी एका रविवारी दिवेलागण झाली, फोन नाही. मी लावला तर बंद. पायथ्याच्या गावात वामन नावाचा ओळखीचा माणूस होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, माझ्याकडं कोण आलं न्हाय, आत्ता वर जाऊन बघतो. माझा जीव टांगणीला. आणि थोड्या वेळाने चक्क काकांचाच फोन.

"वंदना, ऐक. इथे कुठलातरी ग्रुप हरवलाय. वामन आणि गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन डोंगरावर निघालीयत. काय एकेक लोक असतात बघ! घरी फोन करायचा असतो एवढं साधं कळत नाही. दुसऱ्याच्या जिवाला घोर!"

"काका," मी म्हटलं, "तो ग्रुप तुमचा आहे."

 पलीकडून अस्सल मालवणी शिवी, "आवशीक खाव!"

झालं होतं असं की बॅटरी वाचावी म्हणून ते डोंगरात फोन बंद करून ठेवायचे. त्याला ते फोन झोपवणं म्हणायचे. उतरल्यावर त्याला उठवायचंच विसरले आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी ओटीवर पिठलं-भाकरी हाणत बसले; बॅटऱ्या निघालेल्या बघून मला सांगायला म्हणून तो उठवला. वामनच्या आईने त्यांना गावभर ऐकू जाईल असं झापलं. मी उरलेलं घरी आल्यावर झापलं. यांचा चेहरा मात्र पहिला नंबर आल्यासारखा. "म्हणजे यंत्रणा चालते वंदना! तू ओढलंस आणि अख्खं गाव हललं!" त्यानंतर कधीही फोन झोपवून ठेवला नाही.

म्हणूनच दोन वर्षांनी, गौरी-गणपती नुकतेच झालेले असताना, एका रविवारी दिवे लागले आणि फोन आला नाही, तेव्हा मला पहिल्या मिनिटाला कळलं की आज काकांचं विसरणं नाही. त्याच डोंगरावर आठ जण होते. त्यातली एक माझी. वामनला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, लय धुकं हाय वर. हात पुढं धरला तर दिसत न्हाय. कोण उतरलं न्हाय."  तोंड चालू राहिलं, तेवढी देवाची कृपा. बचाव पथकाला फोन लावला. ही सगळी नोकरीधंदा सांभाळून डोंगरातल्यांसाठी धावणारी माणसं. पलीकडचा माणूस प्रश्न विचारत गेला आणि मी एका दमात सांगत गेले. कोण कुठून चढलं, कोणाला दमा, कोणाकडे पाणी, माझी मुलगी पिवळ्यात, हळदीच्या, लिंबाच्या नाही.

मग त्याने विचारलं, "ताई, एक नीट सांगा. वाट चुकल्यावर तुमचा लीडर खाली उतरायला बघेल की थांबेल? आम्ही कुठल्या बाजूने चढायचं ते त्यावर ठरेल. अंदाज चुकला तर सकाळपर्यंत सापडणार नाहीत."

"थांबेल. निरोपात शेवटची खूण वरचं पाण्याचं टाकं सांगितलीय, त्या टाक्यापाशी बसून राहील."

"नक्की? भले भले घाबरून उतरायला लागतात."

"भाऊ, हा माणूस घाटकोपरच्या पुलावर हरवला तरी हलत नाही. आणि माझी मुलगी आहे त्यांच्याबरोबर. मी उगाच नक्की म्हणेन का?"

"बरं. मग टाक्याच्या बाजूने चढतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बोलून बसले खरी, पण फोन ठेवल्यावर विचार सुरू झाले. आपण कोण सांगणारे? काका म्हातारा माणूस, अंधारात घाबरला असेल तर? निघाला असेल पोरांना घेऊन खाली, तर माझ्याच शब्दावर ती माणसं भलत्या बाजूला शोधत बसतील. काकू माझ्याकडे येऊन बसल्या होत्या. हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात कुकर लावला आणि दोघीही विसरून गेलो. तिसरी शिट्टी झाली आणि आम्ही दोघी ताडकन उभ्या राहिलो. काकू हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी गॅस बंद केला. ताट वाढायचं दोघींनाही सुचलं नाही.

उजाडता उजाडता अनोळखी नंबरवरून फोन आला. कोणीतरी धापा टाकत होतं. "ताई, सापडले. टाक्यापाशीच होते. आठही जण धडधाकट. तुमची मुलगी ठीक आहे." मी त्याला थँक्यू म्हणायच्या ऐवजी, "इतका वेळ काय करत होता?" म्हणून ओरडले आणि मग भोकाड पसरलं.

दुपारी जीप गेटवर आली. ऋताला पोटाशी धरलं, आणि तिला सोडल्याबरोबर काकांना धरलं. वॉचमन, दूधवाला, गच्च्यांतून बघणारी सोसायटी, सगळ्यांच्या देखत मी त्यांना जे जे तोंडाला येईल ते बोलले. रात्रभर शिट्टी फुंकताना त्यांच्या पुढच्या दातांची कवळी निसटून दरीत गेली होती, त्यामुळे बोळक्या तोंडाने उभे होते. माझं संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. धुकं दिसल्याबरोबर मागे फिरायला हवं होतं. चूक माझी."  मी त्यांच्यासाठी मऊ भात टाकायला वर गेले.

बाकीचं ऋताने सांगितलं. साहिल नावाचा एक नवा मुलगा होता, त्याच्या मोबाईलच्या नकाशावर उतरायची वाट अगदी जवळ दिसत होती. तो हट्टाला पेटला, हे बघा ना काका, आपला ठिपका इथे, वाट इथे, चला. काका म्हणाले, "ठिपका बरोबर आहे बाळा. पण ठिपक्याला पाय नसतात, आणि मध्ये काय आहे ते त्याला दिसत नाही." त्याला बाजूला बसवून चिक्की दिली. सकाळी धुकं उठलं तेव्हा मध्ये काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. सरळ तुटलेला कडा. साहिल त्यानंतर जीपमध्ये बसेपर्यंत काकांचा शर्ट धरून चालत होता म्हणे. रात्री पोरं रडकुंडीला आली, काका, कोणी येईल का हो? तेव्हा ते शिट्टी तोंडातून काढून म्हणायचे, "येणार. खुंटी जागी आहे." आणि परत फुंकायला लागायचे.

मी ऋताला दोन महिने पाठवलं नाही. मग पाठवलं. आवाजी निरोप पुन्हा यायला लागले, नव्या कवळीमुळे थोडे खडखडीत.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. डोंगरावर नाही, दरीत नाही. सकाळचा चहा पिऊन आरामखुर्चीत बसले होते, तिथेच. काकू म्हणाल्या, एवढ्या तयारीचा माणूस, आणि जाताना एका शब्दाने सांगितलं नाही. मला त्यांचा एवढा राग आला होता की पहिले दोन दिवस रडूच येईना.

तेराव्याला सोसायटीचा हॉल भरून गेला. वामन आला होता, आईला घेऊन. बचाव पथकातला एक जण आला होता, चाळिशीचा, डोंबिवलीला कुठेतरी नोकरी करणारा. मी वाढत होते. त्याने माझा आवाज ऐकला आणि मान वर केली.

"तुम्ही वंदनाताई ना? तुम्हाला त्या पहाटे फोन केला तो मीच."

"बसा हो," मी ओशाळले. "तेव्हा मी तुमच्यावर उगाच ओरडले."

"ते राहू दे. मला काकांचं सांगायचं होतं," तो म्हणाला. "आम्ही टाक्यापाशी पोचलो तेव्हा सगळे गारठलेले. काका तर थरथर कापत होते. आम्ही पाणी, ब्लँकेट पुढे केली, तर हाताने बाजूला सारली. म्हणाले, फोनची रेंज कुठे आहे? म्हटलं, खाली खिंडीत. पोचायला वेळ लागेल, आधी तुम्ही गरम व्हा. तर माझं मनगट धरून म्हणाले, 'आमचं नंतर. आम्ही सापडलो. तू पळत जा. तिकडे मुलुंडला एक बाई अजून अडकलीय, तिला आधी सोडव.'"

मी हातातलं पातेलं तिथेच खाली ठेवलं. इतके दिवस मला वाटत होतं, त्या रात्री आठ माणसं हरवली होती. काकांनी नऊ मोजली होती.